लिफ्टमध्ये ओतलेलं फिनाईल

कॅलिफोर्नियातल्या आमच्या उपनगराच्या स्टेशनावरची लिफ्ट मुतानं घाणते. याहून सभ्य शब्द वापरायची माझी इच्छा नाही. बटण मी किल्लीच्या टोकानं दाबते. फलाटावरच्या बाकांवर काहीतरी चिकट सांडलेलं असतं. ते काय असेल याचा विचार केला की त्या दिवशी जेवण जात नाही.

आणि हे घर मी त्याच स्टेशनासाठी घेतलं, आईसाठी. आधी मी प्रोजेक्टवर टोकियोजवळच्या एका उपनगरात होते. तिकडे आलेली आई, जपानीचं ओ की ठो कळत नसताना, रोज एकटी स्टेशनावर जायची, फलाटावर आखलेल्या रेघेपाशी रांगेत उभी राहायची आणि पुढच्या स्टेशनाजवळच्या बाजारातून मुळे घेऊन यायची. फलाट इतका लख्ख, की इथं पान मांडून जेवायला बसावं, म्हणायची. अमेरिकेत गाडी न चालवणारे आईवडील दिवसभर मुलांची वाट बघत बसतात. आईचं तसं होऊ नये, एवढंच मला हवं होतं.

"ट्रेन कोण घेतं यार इकडे?" ऑफिसातला मित्र म्हणाला. "काकूंना तूच ड्राइव्ह कर ना वीकेंडला."

आई पुण्याहून आली, तेव्हा पहिल्या दिवशी आम्ही दोघी स्टेशनावर गेलो. आईचे गुडघे दुखतात, जिना जमत नाही, म्हणजे लिफ्टच. ती ओढणी नाकाला लावून बाहेर आली. मला वाटलं, संपलं. पण ती भडकली होती.

"घाण आहे तर धुवायची," म्हणाली. पुण्यात सोसायटीचा जिना कुणी धुतला नाही की ती स्वतःच बादली घेऊन उतरते.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात असताना तिनं घरातली फिनाईलची बाटली आणि जुनं फडकं पिशवीत घातलं, स्टेशनावर गेली आणि अख्खी बाटली लिफ्टमध्ये ओतली.

मला स्टेशनावरून फोन आला. पोचले तेव्हा लिफ्टला पिवळी पट्टी लावलेली होती आणि हातमोजे चढवलेली माणसं आत घासत होती. 'केमिकल' सांडलं होतं ना! मुतासाठी महिनोन्महिने कुणी फिरकलं नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. मला त्या वासाची आली नव्हती एवढी शिसारी त्यांच्या या तत्परतेची आली.

गणवेशातला माणूस आईकडे न बघता मला सांगत होता, की यापुढे यांना एकटं पाठवू नका. आईला इंग्रजी चांगलं कळतं. ती त्याच चिकट बाकावर, खाली रुमालही न पसरता बसली होती.

घरी आल्यावर तिनं बराच वेळ हात धुतले. मग पुसता पुसता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "शनिवारी तुला वेळ असेल का गं? जरा कुठं बाहेर नेशील मला?"

माझ्या आईनं असं कुणालाही विचारलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.