दुसरी यादी

तारीख: ११ फेब्रुवारी १९८४, शनिवार. वेळ: दुपारी पाऊण.
ठिकाण: नागपूर. एका बंगल्याचं फाटक.
हजर: सौंसरच्या कॉलेजचे बी.ए. अंतिम वर्षाचे सतरा विद्यार्थी. त्यात मुली सहा. सोबत सर. घरच्या बाई, म्हणजे आमच्या वर्गातल्या सुनीताची काकू.
गैरहजर: कोणी नाही.

काकू पायरीवर उभ्या होत्या. हातात दोन कागद. पहिल्या कागदावर तेरा नावं होती. ती त्यांनी वाचलीच नाहीत. ती वाचायची गरज नव्हती. दुसरा कागद डोळ्यांजवळ नेला आणि मोठ्यानं वाचला.

"कमल. देवराव. सुखदेव." चौथं नाव माझं. "हे चौघं मागच्या अंगणातून या. चपला तिकडंच काढा."

सतरा जणांनी ऐकलं. तेरा जण चपला काढायला लागले.

कमल पायरीच्या अगदी जवळ होती. तिनं कागदाकडं पाहिलं. मग माझ्याकडं.

"हे त तुह्यं अक्षर होय व," ती म्हणाली.

माझंच होतं. तीन वर्षं ती माझ्याच वहीतून नोट्स उतरवत होती. माझं अक्षर तिला लांबूनही ओळखू आलं असतं. वर शीर्षक होतं, 'यादी क्रमांक २'. त्याखाली पट्टीनं मारलेली रेघ. रेघेखाली चार नावं, चारही एका ओळंब्यात.

मला याद्या करायची सवय शाळेपासूनची. बाबा संत्र्याच्या बगिच्यात पेट्या भरायचे. कोणत्या पेटीत कोणता माल, हे मी कोळशानं फळीवर लिहून द्यायची. कॉलेजात आले तशी ही कामं आपोआप माझ्याकडं आली. हजेरी, वर्गणी, स्नेहसंमेलनात कोण केव्हा. सर म्हणायचे, "हिच्याकडे दिलं की काळजी नाही." मला ते आवडायचं. हे लिहून ठेवते, कारण पुढचं सगळं त्या आवडण्यातून झालं.

त्या वर्षी जानेवारीत सरांनी वर्गात विचारलं, "डिग्री हातात यायच्या आधी मोठ्या शहरात एकदा काय करायचंय? प्रत्येकानं एक सांगा. आपण एक दिवस नागपूरला जाऊ. जेवढं जमेल तेवढं करू."

आमच्यातल्या बऱ्याच जणांनी नागपूर पाहिलं होतं ते एस.टी. स्टँडपासून मेडिकलपर्यंत. कोणी आजारी असेल तरच. मुलींना माहीत होतं की उन्हाळ्यात लग्नं आहेत. म्हणजे हीच एक संधी. मी यादी केली. महाराजबागेतले प्राणी. बाल्कनीत बसून सिनेमा. अंबाझरीला नाव. सीताबर्डीत बांगड्या. टेबलखुर्चीवर बसून आइस्क्रीम. देवरावला लिफ्टमध्ये बसायचं होतं, वर जायला आणि खाली यायला, दोन्ही.

कमल म्हणाली, "मले टेलिफोनवर बोलायचं हाय."

वर्ग हसला. सुनीतानं विचारलं, "कोणाशी व?"

"दादाशी. नागपुरात छापखान्यात अक्षरं जुळवते थो. तिथं फोन हाय. नंबर हाय माह्यापाशी."

"मंग काकाच्या घरी चाल ना. त्यायच्या हॉलमध्येच हाय फोन. मी लावून देतो तुले."

कमलनं त्याच आठवड्यात दादाला पत्र टाकलं. अकरा तारखेला दुपारी एक वाजता फोनपाशी थांब. दादाचं उत्तर आलं: मालकाला विचारून ठेवलं आहे, थांबतो. ते पोस्टकार्ड तिनं मला चार वेळा दाखवलं. मी यादीत लिहिलं: 'क्रमांक ११. कमल. टेलिफोन. वेळ १.'

क्रमांक १२ माझा. दीक्षाभूमी. बाबा छप्पन साली सौंसरहून गेले होते. जाताना पायी, येताना कोणाच्या तरी ट्रकवर. मला ती जागा पाहायची होती, एवढंच.

सरांनी यादी पाहिली. लाल पेननं बारा क्रमांकावर रेघ मारली.

"धार्मिक स्थळं नकोत सहलीत. वाद होतात."

मी बरं म्हटलं.

सहलीच्या दोन दिवस आधी सरांनी मला स्टाफरूममध्ये बोलावलं. दार पुढं केलं. आवाज कमी केला.

"दुपारचं जेवण सुनीताच्या काकांकडे आहे. मोठी माणसं आहेत. पण घरात जरा जुन्या वळणाचं आहे. तिथे गेल्यावर गोंधळ नको. तर जेवणाच्या दोन याद्या काढ. तू समजदार मुलगी आहेस."

बस. इतकंच बोलले. कोणाचं नाव कोणत्या यादीत, हे त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. घरी गेले, कंदिलाची काच पुसली, पट्टी घेतली, रेघ मारली. चार नावं लिहिली. एकही चुकलं नाही.

शनिवारी सकाळी सहाला बस निघाली. आधी नागपूरला नाही. आधी जामसांवली. शनिवार होता, सर म्हणाले मारुतीचं दर्शन घेऊन मग पुढं. नारळ फुटले, प्रसाद वाटला गेला. लाल पेन सरांच्या खिशात दिसत होतं. देवराव माझ्या कानाशी म्हणाला, "हे धार्मिक स्थळ नोहे का व?" मी हसले नाही. माझ्या पिशवीत दोन कागद होते आणि ते त्याला माहीत नव्हतं.

बसमध्ये सरांनी मला तीनदा विचारलं. एकदा बस सुटताना, एकदा नाक्यावर, एकदा नागपूर दिसायला लागल्यावर. "दुसरा कागद आणला ना?" तिन्ही वेळा मी मान हलवली. तिसऱ्या वेळी कमलनं विचारलं, "कायचा कागद व?" मी म्हटलं, "जेवणाचा." ती म्हणाली, "काय करून राह्यले जेवाले?" आणि खिडकीतून बाहेर पाहत नंबर पाठ करायला लागली. पुटपुटत. पाच आकडे. तिला वाटत होतं नंबराची चिठ्ठी हरवली तर.

मी तेव्हाच सांगू शकत होते. बसमध्ये दोन तास होते. मी महाराजबागेसमोर टिकमार्क केला. बांगड्यांसमोर टिकमार्क केला. लिफ्टसमोर टिकमार्क केला. देवराव दोनदा बसला आणि खाली आल्यावर म्हणाला, "पोटात कसं कसंच होते बाप्पा." सगळे हसले. मीही. पाऊण वाजत आला होता.

मग ते फाटक. सरांनी हात पुढं केला, मी दोन्ही कागद दिले, त्यांनी ते काकूंना दिले.

मागचं अंगण म्हणजे धुण्याचा दगड, लिंबाचं झाड, भिंतीला टेकवलेली सायकल. घासायची भांडी एका बाजूला पडली होती. दुसऱ्या बाजूला चार पत्रावळी मांडल्या होत्या. खाली काही अंथरलं नव्हतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत बसलेल्यांची स्टीलची ताटं दिसत होती. एक बाई आली. पुऱ्या वरून टाकल्या. एक पुरी पत्रावळीबाहेर पडली. देवराव ती उचलायला वाकला आणि तसाच थांबला. पाणी मागितलं तर तिनं ओंजळ करायला सांगितलं.

आत कुठंतरी घड्याळानं एकचा टोला दिला.

कमल उठली नाही. माझ्याकडं पाहिलं नाही. पुरीकडं पाहत म्हणाली, "दादा थांबला असन."

सुनीता खिडकीत दिसली. मी तिला हाक मारली. ती आत सरकली. तिला ऐकू आलं होतं.

मी तेव्हा एकवीस वर्षांची होते. त्याआधी अपमान झाले नव्हते असं नाही. हापशीवर झाले, किराणा दुकानात झाले, शाळेत पाण्याच्या माठापाशी झाले. ते दुसऱ्यांनी केले होते. हा मी माझ्या हातानं, पट्टी लावून, स्वच्छ कागदावर लिहिला होता. मी काम चोख केलं होतं. म्हणूनच आम्ही चौघं बरोबर त्या जागी बसलो होतो.

मी उठले. मागच्या दारानं नाही गेले. अंगणाला वळसा घालून फाटकापाशी आले, पुढच्या पायऱ्या चढले. चपला पायात होत्या. हॉलमध्ये फोन होता. काळा. त्याखाली क्रोशाचा रुमाल. शेजारी तिपाईवर माझे दोन्ही कागद.

मी कागद उचलले. पेन काढलं. हॉलला लागूनच पंगत बसली होती.

"काय करून राहिली तू?" काकू.

"यादी चुकली आहे. मी केली, मीच दुरुस्त करते."

पहिल्या कागदावर तेराव्या नावाखाली मी लिहिलं. चौदा, कमल. पंधरा, देवराव. सोळा, सुखदेव. सतरा, मी. दुसरा कागद घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला. पहिला सरांच्या ताटाशेजारी ठेवला.

"आता एकच यादी आहे सर. आम्हाला आत वाढायला सांगा. नाहीतर आम्ही जातो."

सरांचा घास हातात होता. त्यांनी तो खाली ठेवला नाही. अगदी शांतपणे म्हणाले, "परीक्षा दीड महिन्यावर आहे. कॅरेक्टर सर्टिफिकेटवर सही कोणाची असते, माहीत आहे ना तुला?"

"माहीत आहे."

काकू म्हणाल्या, "अन्न बाटवू नको, बाहेर हो."

तेरा जणांपैकी कोणी उठलं नाही. हेही नोंदवून ठेवते. वैर म्हणून नाही. हजेरी म्हणून.

आम्ही चौघं फाटकाबाहेर आलो. सुखदेव रस्ता विचारत पुढं चालला. कोपऱ्यावर एका औषधाच्या दुकानात फोन होता, पैसे देऊन लावता येत होता. मी कमलला म्हटलं, "चाल, आताही लावू."

"नको."

"दादा थांबला असन ना."

"थांबू दे. थो काय विचारन मले? जेवली का, म्हणून विचारन. काय सांगू?"

चिठ्ठी तिच्या मुठीत होती. घामानं आकडे पसरले होते. तिला तर ते पाठ होते.

आम्ही दीक्षाभूमीवर पोचलो. तेव्हा तिथं काम चालू होतं. बांबू, सळया, वाळूचे ढीग. देवराव आणि सुखदेव हात जोडून उभे राहिले. कमल वाळूपाशी बसली. मी तिच्याजवळ गेले. तिनं एकच विचारलं.

"तू लिवलंस कसं?"

मी म्हटलं, "सरांनी नावं सांगितली होती. मी काय करू?"

याच जागी बाबांनी प्रतिज्ञा घेतल्या होत्या. त्यातली एक, खोटं बोलणार नाही. याच जागी मी खोटं बोलले. सरांनी नावं सांगितली नव्हती. कोणीच सांगितली नव्हती. ती मला पाठ होती, जसा कमलला नंबर.

कमलनं माझं खरं मानलं. ते जास्त वाईट झालं. संध्याकाळी आम्ही चौघं सहलीच्या बसपाशी परत आलो. परतताना बसमध्ये तिनं डोकं माझ्या खांद्यावर टेकवलं. पुढच्या बाकावर सर बसले होते. सौंसर येईपर्यंत त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.

पुढची नोंद थोडक्यात. परीक्षा दिली, पास झाले. सर्टिफिकेटसाठी तीनदा गेले. पहिल्यांदा सर वर्गावर होते, दुसऱ्यांदा शाई संपली होती, तिसऱ्यांदा म्हणाले, "तुझ्या कॅरेक्टरबद्दल मी काय लिहू, तूच सांग." मी म्हटलं, "लिहू नका." तहसीलमधल्या एका राजपत्रित अधिकाऱ्याची सही घेतली. मास्तरीण झाले. मोहगावकडच्या खेड्यांत, मग पांढुर्ण्यात. आता मुख्याध्यापिका आहे. वर्षभर कागद माझ्या टेबलावर येतात. मध्यान्ह भोजनाचे, सहलीचे, झेंडावंदनाला पुढं कोण, मागं कोण. एकदा एक नवा शिक्षक दोन कागद घेऊन आला. सहलीच्या जेवणाचे. सांगितलं कोणी, म्हणून विचारलं, तर म्हणाला, "कोणी नाही मॅडम. समजून घेतलं."

मी त्याला समोर बसवलं. त्याच्याच हातानं दोन्हींची एक करून घेतली. अकारविल्हे. मग सांगितलं की माझ्या शाळेत यादी एकच निघेल आणि अकारविल्हेच निघेल. ज्याला समजून घ्यायचं असेल त्यानं हे समजून घ्यावं, नाहीतर लेखी कारण द्यावं. कारण कोणी देत नाही. ते कागदावर आलं की माणसं घाबरतात. म्हणून मी ते कागदावरच मागते, आणि निवृत्त होईपर्यंत मागत राहीन. ताटं मांडताना मी स्वतः उभी राहते. कोणाची पत्रावळ भिंतीकडं सरकली की मला लगेच दिसतं. मला दिसणारच. ते काम मी एकदा चोख केलेलं आहे.

दुसरी यादी अजून माझ्याकडं आहे. घडीवर फाटत चालली आहे. तिच्यासोबत ती सहलीची यादीही. बारापैकी दहा कामांसमोर टिकमार्क आहेत; दुपारनंतरची बाकीच्यांनी आमच्याशिवाय केली, टिकमार्क मी विचारून केले. बारावं लाल रेघेखाली आहे, पण झालं.

अकरावं राहिलं.

कमल पारडसिंग्याच्या पुढं एका गावात असते. नातवंडं आहेत. तिच्या घरी फोन येऊनही बरीच वर्षं झाली. दादाशी ती रोज बोलत असेल. तिचा नंबर माझ्या डायरीत पहिल्या पानावर आहे आणि दर जानेवारीत मी तो नव्या डायरीत उतरवते. सुवाच्य अक्षरात.

करायचं काम: कमलला फोन लावणे. तिनं हॅलो म्हटल्यावर सांगणे की सरांनी नावं दिली नव्हती.

टिकमार्क नाही.