हेवीवेट आणि कानबाईचा रोट

आमचे हे चॅम्पियन. हे मी कौतुकाने सांगत नाही, माहिती म्हणून सांगते. तरुणपणी सरकारी खात्याच्या राज्यस्तरीय स्पर्धेत यांनी बॉक्सिंगच्या हेवीवेट गटात सुवर्णपदक मिळवलं, आणि तेव्हापासून जळगावात आमच्या कॉलनीत यांना कोणी नावाने हाक मारलेली मी ऐकलेली नाही. मला बघायला धुळ्याला आले तेव्हा हे खुर्चीवर बसले आणि खुर्चीचा पाय मोडला. आईने तेवढ्यावरच होकार देऊन टाकला. मुलगा खात्यापित्या घरचा दिसतो म्हणाली. खुर्ची आमची होती, ते कोणी बोललंच नाही.

आता यांची पन्नाशी उलटून गेली. जिना चढताना गुडघे असे वाजतात की वर कोण येतंय ते विचारावं लागत नाही. तरी कुठे काही कार्यक्रम असला की यांना बोलावतात, एखाद्या तरुण पोराशी तीन फेऱ्यांची मैत्रीची लढत लावतात, हे जिंकतात आणि शाल-श्रीफळ घेऊन घरी येतात. घरात शाली इतक्या झाल्या की मी त्यांच्या गोधड्या शिवल्या.

एकदा भुसावळहून असेच जिंकून आले आणि बूट न काढता सोफ्यावर बसून राहिले. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाले, "मला कोणी मारतच नाही गं."

मी म्हटलं, देवाची कृपा. तर माझ्याशी दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता आपणहून बोलले, की पोरं हातमोजा नुसता टेकवतात आणि मागे सरतात, म्हाताऱ्या माणसाला रस्ता ओलांडून देतात तसं. एकदा कोणीतरी मनापासून मारलं पाहिजे. मग हरलो तरी चालेल, मग मी कायमचे हातमोजे काढून ठेवतो. मला यांचं नाक शाबूत हवं होतं, सरळ सांगते. त्या नाकाकडे बघतच मी इतका संसार केला.

तेवढ्यात धुळ्यात एक पोरगा नावारूपाला आला. मूळचा शिरपूरकडच्या खेड्यातला, वय जेमतेम एकवीस, होस्टेलवर राहून सराव करणारा. त्याची ख्याती अशी की रिंगणात शिरला की त्याला लहानथोर कळत नाही. सरावात त्याने स्वतःच्या कोचचा दात पाडला होता. ही बातमी ऐकून आमच्या घरात जो आनंदीआनंद झाला, तेवढा मुलगा बारावी पास झाला तेव्हाही नव्हता. "हा मारेल," हे म्हणाले, आणि फोनाफोनी करून श्रावणातल्या एका मंगळवारी धुळ्याला लढत ठरवून मोकळे झाले.

वर एक आगाऊपणा केला. मैत्रीची नको, रीतसर लढत हवी म्हणाले. रीतसर म्हणजे आधी वजन. हेवीवेटची मर्यादा ब्याण्णव किलो. एकजण आत आणि दुसरा बाहेर असला की लढत रद्द. आणि हे त्या वेळी ब्याण्णवच्या किती बाहेर होते ते मी लिहीत नाही, शेवटी नवरा आहे.

मग महिनाभर घरात काकडी. काकडी, उकडलेले मूग, ताक आणि सुस्कारे. पहाटे मेहरूण तलावाला फेऱ्या मारायच्या आणि आल्यावर काट्यावर उभं राहायचं. मी शेवभाजीला फोडणी दिली की स्वयंपाकघराच्या दारात येऊन डोळे मिटून उभे राहायचे. नुसत्या वासाने वजन वाढतं का, असं एकदा फार गंभीरपणे विचारलं. मुलगा आणि मी तर चोरासारखे गच्चीवर जाऊन जेवायचो. पण माणूस हटला नाही. शनिवारी सकाळी काटा एक्क्याण्णववर थांबला आणि हे बाथरूममध्ये जाऊन मोठ्याने गाणं म्हणाले.

आणि रविवारी कानबाई बसली.

आमच्याकडे श्रावणात कानबाई देवी बसते तेव्हा घरातल्या आणि भाऊबंदांतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मुठी मोजून गहू घेतात. त्या पिठाचा रोट, जाडजूड पोळीसारखा. सोबत पुरण, खीर, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी. हा रोट फक्त भाऊबंदांनीच खायचा. शेजाऱ्याला द्यायचा नाही, कामवाल्या बाईला द्यायचा नाही, टाकायचा तर नाहीच नाही. हात धुतलेलं पाणीसुद्धा अंगणातल्या खड्ड्यात. आणि सोमवारी विसर्जनाच्या आत सगळा संपलाच पाहिजे, हा माझ्या सासऱ्यांचा, आबांचा, दंडक.

गहू मोजून झाले, दळून झाले, रोट थापून झाले, आणि सुरतहून फोन आला. दोन्ही दिरांच्या घरी सगळ्यांचे डोळे आलेले, कोणीच येत नाही. आमची खाणारी फौज तीच. आता इतक्या पुरुषांच्या नावाचा रोट खायला उरले कोण? आबा, ज्यांच्या तोंडात दात नाहीत. मुलगा, जो पोळीच्या कडा टाकून खातो. मी. आणि महिनाभर काकडीवर असलेला एक हेवीवेट.

यांनी आबांना सांगून पाहिलं की मंगळवारी वजन आहे. आबांनी शांतपणे यांच्या पानात तूप ओतलं. आबांपुढे यांचं काही चालत नाही. रिंगणातला वाघ घरात पाटावर मांडी घालून निमूट रोट खायला लागला. पहिल्या घासाला चेहरा पडलेला होता. चौथ्या घासाला, मी बघितलं, डोळे मिटले होते आणि तोंडावर असं सुख पसरलं होतं की मला त्यांचा रागच आला.

दुपारी दार वाजलं. दारात तोच पोरगा. लढतीच्या आधी चॅम्पियनच्या पाया पडून ये, म्हणून कोचने पाठवलेलं. पाया पडला आणि निघायच्या बेतात होता, तर आबांनी त्याला थांबवून खेड्यातली म्हातारी माणसं करतात तशी चौकशी सुरू केली. गाव कोणतं, आडनाव काय, आजोबा कोण, त्याआधी कुठले. पोरगा बिचारा खरी उत्तरं देत गेला. चार पिढ्यांपूर्वी तापीकाठच्या एकाच गावातून दोन्ही घराणी निघालेली. आबांचा चेहरा उजळला.

"म्हंजे तू आमना भाऊबंद शे," आबा म्हणाले. "बस जेवाले."

पोरगा पांढराफटक पडला. नंतर कळलं की स्वतःच्या आईचा रोट चुकवायलाच तो सरावाचं निमित्त काढून गावी गेला नव्हता, आणि आपणहून येऊन आमच्या पाटावर पडला होता. पण कानबाईच्या रोटाला भाऊबंद नाही म्हणत नाही. बसला. एकवीस वर्षांचं पोट, पहिल्यांदा लाजलं आणि मग सुटलं. रात्री आबांनी त्याला जाऊ दिलं नाही. सोमवारी विसर्जनाच्या आधी पुन्हा दोघं समोरासमोर पाटावर, आणि त्याच्या तोंडी सर जाऊन काका आलेलं. हात धुताना आबांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि सांगितलं, "काकाले जपीसन मारजो."

जपून मार म्हणाले, ते मी ऐकलं. खरं सांगते, मला बरंच वाटलं.

मंगळवारी धुळ्याला हे काट्यावर चढले आणि काटा बघून आमच्या यांची मान खाली गेली. पंचाण्णव. मला वाटलं, संपलं. मग पोरगा चढला. त्र्याण्णव आणि वर थोडं. आयोजकांनी एकमेकांकडे पाहिलं, नियमाचं पुस्तक चाळलं, आणि ठरवलं की दोघंही बाहेर म्हणजे दोघंही वरच्या गटात. कोणीतरी मार्कर आणून फलकावर हेवीवेटच्या आधी 'सुपर' लिहिलं. पोराने आमच्या घरी रोट खाल्ला नसता तर हे एकटेच बाहेर राहिले असते. आबा पुढच्या रांगेत ऐटीत बसले.

घंटा झाली. पोरगा आधी यांच्या पाया पडला. पंचाला काय करावं कळेना, तो खोकला. मग सुरू झालं ते काय सांगावं. दोन रोट खाल्लेली माणसं एकमेकांभोवती हळूहळू फिरत होती. हे ठोसे मारत होते, पोरगा ते घेत होता, आणि परत मारताना हातमोजा यांच्या खांद्याला नुसता लावत होता. लोक टाळ्या वाजवत होते. पहिली फेरी गेली, दुसरी तशीच गेली. दुसरी संपल्यावर हे कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले आणि मी त्यांचा चेहरा पाहिला. तोच, बूट न काढता सोफ्यावर बसलेला.

तिसरी फेरी सुरू झाली, पोराने पुन्हा हातमोजा टेकवला, आणि मी बायकांच्या खुर्च्यांमधून उभी राहून सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशी ओरडले, "आबासनं आयकू नको रे, मार त्यासले!"

इतक्या घाईतही मी 'त्यासले' म्हणाले, मानाने. संस्कार कुठे जातात.

पोराने माझ्याकडे पाहिलं, मग आबांकडे. आबांनी माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ, आणि मग त्याला हाताने खूण केली, की चालू दे. त्या पोराचा उजवा हात कुठून आला ते मला दिसलं नाही. आवाज ऐकला फक्त. आमचे हे खाली बसले आणि रिंगणाच्या फळ्या करकरल्या. पंच मोजायला लागला. बाजूची बाई माझ्यापासून जरा लांब सरकली.

हे उठले. डगमगत उठले आणि पुढे गेले, आणि पोराच्या पोटात असा एक हाणला की त्याच्या आतला रोट मलासुद्धा आठवला. मग त्याने आणखी दोन मारले, मनापासून. हे हरले. निकाल लागला तेव्हा यांनीच पोराचा हात धरून वर केला.

परतताना मुलगा गाडी चालवत होता, आबा पुढे झोपले होते. मागे हे थंड पाण्याची बाटली गालाला लावून बसले होते. डोळा मिटला होता, नाक वाकडं झालं होतं, ते माझं नाक. दुखतंय का म्हणून विचारलं.

"फार," हे म्हणाले, आणि सुजलेल्या तोंडाने हसायला गेले.

तिथून पारोळा येईपर्यंत मला रडू आवरेना. आणि हे माझी पाठ थोपटत मलाच समजावत होते, "अगं रडतेस काय, खरंच मारलं त्याने."