मोहाखाली झाडू मारणारा

कथा लिहिताना त्याचं नाव बदलायला मी विसरलो नव्हतो. गाव बदललं, नदी बदलली, त्याच्या बायकोला तर कथेत मारूनच टाकलं. ठेवलं ते एकच: मोहफुलं वेचायच्या दिवसांत सगळे झाडाखालचा पाचोळा जाळतात, हा माणूस मात्र झाडू मारतो. एवढी देखणी गोष्ट सोडवेना. लेखकाची हाव, दुसरं काय!

मी तेव्हा गडचिरोलीच्या जंगलातल्या त्याच्या गावात शाळामास्तर होतो. त्या झाडलेल्या सावलीत बसून त्यानंच मला सांगितलं होतं. सकाळी जंगलातले बंदूकवाले आले, पाणी प्यायले. दुपारी खाकीवाले आले, तेही प्यायले. यांचं त्यांना, त्यांचं यांना त्यानं काहीच सांगितलं नाही. सांगताना तो हसत होता. कथेत मी त्याचे हात थरथरवले, तांब्या सांडवला. भीतीशिवाय कथेला रंग कुठून चढणार?

बदली होऊन मी वैनगंगेच्या अलीकडे सावली नावाच्या गावी आलो, आणि कथा दिवाळी अंकात छापून आली. ब्रह्मपुरीच्या कॉलेजात वाचली तेव्हा एक प्राध्यापक म्हणाले, "दुभंगलेल्या समाजातली भीती अशी अंगावर येते, वा!" मी आठ दिवस हवेत होतो. तोच अंक कुणाच्या तरी पिशवीतून त्या गावात पोचला. मोहाखाली झाडू मारणारा पंचक्रोशीत एकच होता.

आधी जंगलवाल्यांनी त्याला गावासमोर बसवलं. खाकीला पाणी पाजतोस म्हणून कुऱ्हाडीच्या दांड्यानं दोन्ही गुडघे फोडले. बायको मधे पडली, तिला केस धरून फरफटत बाजूला नेलं. पंधरा दिवसांनी खाकीवाले आले. जंगलवाल्यांना पाजतोस म्हणून त्यांनी त्याला त्याच फुटक्या पायांनी उचलून नेलं. सोडला तेव्हा पुढचे दात नव्हते आणि उजव्या हाताची बोटं मिटत नव्हती. दोघांनी मारता मारता विचारलं ते एकच, मास्तरला आणखी काय सांगितलंस?

हे कळूनही मी दोन महिने गेलो नाही. शाळेची कामं आहेत, असं घरी सांगत होतो. खोटं होतं, माझी फाटली होती.

शेवटी गेलो. तो बाजेवर पडला होता. मी पाया पडायला वाकलो, तर त्याला पाय आखडून घेता येईनात. मी ढसाढसा रडलो. "भाऊ, माझ्यामुळं झालं हे."

बिनदातांच्या तोंडानं तो म्हणाला, "त्या गोष्टीत मी भेतो मनते, गुरुजी. काऊन लिवलं तसं? तवा मी भेत नोतो."



बाहेर कुत्रं भुंकलं. तो अंगभर कापायला लागला. "मांगच्या दारानं जा, गुरुजी. इथी पुन्हा येऊ नोका. आता मले तुमचा भेव लागते."

मी वाकून, कुडाच्या कडेकडेनं, कुणी पाहत नाही ना हे बघत निघालो.