परडी हातात आली त्या दिवशी

अकरा वर्षं मी तुळजाभवानीशी बोलत नव्हते. आमच्या जळकोटहून तिचं देऊळ असं कितीसं लांब? नळदुर्गला बस बदलली की पोचलंच. तरी मी त्या वाटेला गेले नाही. नवरात्रात गल्लीतल्या बायका दर्शनाला निघाल्या की मी दार लोटून भांडी पुसत बसायची. माझं म्हणणं सरळ होतं. नवरा काविळीनं अंथरुणाला खिळला तेव्हा मी नवस बोलले होते, तो उठला तर तुला साडीचोळी आणि दारात गोंधळ. मग वाटलं, सौदा पक्का करायचा तर आगाऊ दिलेलं बरं. कानातले मोडून गोंधळ आधीच घातला. नवव्या दिवशी नवरा गेला. मी शब्द पाळला, तिनं पाळला नाही. बाजारात असं कुणी वागलं असतं तर मी गचांडी धरली असती. देवीची गचांडी कशी धरणार? म्हणून बोलणं टाकलं.

पोट मी माझ्या जिभेवर भरलं. डोक्यावर पाटी घेऊन स्टीलची भांडी विकायला सुरुवात केली, आता आठवडी बाजारात माझी पालाची जागा ठरलेली आहे. गिऱ्हाईक निम्म्यावर आणणार हे मला ठाऊक, म्हणून मी आधीच दुप्पट सांगते. गिऱ्हाईकालाही ते ठाऊक असतं. दोघं भांडतो, मधे कुठंतरी येतो, आणि दोघांनाही वाटतं आपण जिंकलो. डोकं माझं गरम. कुणी वजनाबद्दल शंका घेतली की पातेलं आपटून उठायची. पण याच धंद्यावर मुलीला नर्सिंग शिकवलं. कुणापुढं हात पसरला नाही, याचा मला गर्व होता आणि तो मी लपवत नव्हते.

नाकाचं दुखणं जुनं. आधी सर्दी समजून काढे घेतले, मग गोळ्या, मग फवारे. नाकात मांस वाढत गेलं. तोंड उघडं ठेवून झोपायचं, सकाळी घसा कोरडा, कपाळात घण बसल्यासारखे. या सगळ्याची सवय झाली. वास गेला त्याची मात्र झाली नाही. भाकरी करपली तरी कळायचं नाही, मुलगी ओरडायची तेव्हा कळायचं. पेटीत नवऱ्याचा एक सदरा ठेवला होता. पूर्वी महिन्या-दोन महिन्यांनी मी तो काढून नाकाशी धरायची, तंबाखू आणि घामाचा वास यायचा आणि तेवढ्यावर पुढचे दिवस निघायचे. मग एकदा धरला तर काहीच नाही. सदऱ्यातला वास उडाला की माझं नाक मेलं, हे कळायला मार्ग नव्हता. कुणाला हुंगायला द्यावा अशीही ती गोष्ट नव्हती.

गेल्या हिवाळ्यात डावा डोळा सुजला. सोलापूरच्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं, पू डोळ्याकडं सरकतोय, महिन्याभरात दुर्बिणीनं ऑपरेशन झालं नाही तर डोळ्याचा भरवसा नाही. सरकारी योजनेत बसवायला मुलीनं धावपळ केली. जिथं योजना होती तिथं तारीख लांबची, जिथं तारीख होती तिथं योजना नाही. हाताशी होतं ते आधीच्या औषधांत संपलेलं. तेव्हा मुलगी म्हणाली, "आई, मी मोबाईलवर आवाहन टाकते. हल्ली लोक देतात. थोडंथोडं करून होतंय."

मी म्हणाले, "म्हणजे जगापुढं भीक."

"भीक म्हण, काय बी म्हण. डोळा पायजे का न्हाय ते सांग."

डोळा हवा होता. म्हणून हो म्हटलं, पण एक अट घातली. डॉक्टरांनी सांगितला त्याच्या दुप्पट खर्च लिही. लोक निम्म्यावरच आणणार. मुलगी नको नको म्हणत होती. मी तिच्यावर उखडले, "तू शिकलीस, पण बाजार मी बघितलाय." तिनं माझ्या सुजलेल्या डोळ्याचा फोटो, चार ओळी आणि मी सांगितला तो आकडा टाकला. खाली स्वतःचं नाव दिलं.

पहिले तीन दिवस पैसे जमा झाल्याच्या नोंदी येत राहिल्या. मी मनात म्हणाले, बघ, जमतं मला. चौथ्या दिवशी त्याच आवाहनाखाली एका अनोळखी माणसानं लिहिलं, "माझ्या भावाचं हेच ऑपरेशन याच दवाखान्यात झालं. खर्च याच्या निम्मा आला. बाकीचे कशाला?" त्यानंतर फोन वाजला नाही. एक दिवस गेला, दोन गेले. मी त्या माणसाच्या सात पिढ्या काढल्या. मुलगी माझ्याशी बोलली नाही. फक्त ताट पुढं ठेवताना एवढंच म्हणाली, "खोटं माझ्या नावावर गेलं, आई."

मंगळवारी पुन्हा सोलापूरला दाखवायचं होतं. मुलीची ड्यूटी होती, मी एकटीच गेले. डॉक्टर म्हणाले, आता थांबू नका. स्टँडवर नळदुर्गची गाडी लागलेली असताना मी तुळजापूरच्या गाडीत चढले. भक्ती वगैरे काही नव्हती. भांडायला निघाले होते. आधीच्या नवसाची भरपाई म्हणून तिनं माझा डोळा द्यावा, असं ठरवूनच मी पायऱ्या उतरले. गोमुख तीर्थाजवळ आले आणि उभी राहिले. भोवती हळद उधळलेली, कापूर पेटलेला, फुलांच्या पाट्या. आणि मला कशाचाच वास येत नव्हता. लहानपणी आईच्या कडेवरून इथं आले होते तेव्हा डोळे मिटूनही कळलं होतं की देऊळ आलं. आता डोळे उघडे ठेवूनही मी देवळात नव्हते. मोठ्यानं एवढंच निघालं, "चांदीचा डोळा वाहीन. बोल, जमतंय का?"

"लई घासाघीस करतीस गं," खालून कुणी म्हणालं. पायरीवर देवीची एक म्हातारी आराधीण बसली होती. कपाळभर कुंकू, गळ्यात कवड्यांची माळ, मांडीवर परडी. "आईला बाजारात बसिवलंस व्हय?"

मी म्हणाले, "तुम्हाला काय करायचंय, मावशी?"

"मला काय न्हाय. पायाला मुंग्या आल्यात. धर ही परडी, मी तोंडावर पाणी मारून येते." तिनं परडी माझ्या हातात कोंबली आणि निघालीसुद्धा.

परडी म्हणजे देवीच्या नावानं जोगवा मागायची वेताची टोपली. ती घेऊन मी खांबासारखी उभी. कानडी बोलणारी एक बाई आली, तिनं ओंजळभर पीठ टाकलं आणि माझ्या पायांना हात लावला. मी मागं सरले, "अहो, मी ती नव्हे." तिला मराठी कळत नसावं, हसली आणि गेली. मग एका म्हाताऱ्यानं नाणं टाकलं. एका पोरीनं मुठीतले तांदूळ टाकले, मूठ झाडून आणखी दोन दाणे टाकले. कुणी विचारलं नाही की तू कोण, तुला किती लागतं, आधीचं काय केलंस. माझी जीभ सवयीनं वळवळत होती आणि बोलायला काही नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी समोरासमोर कुणाचं काही घेत होते आणि बदल्यात पाटीतून काढून द्यायला माझ्याजवळ एक वाटीसुद्धा नव्हती. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सुजलेल्या डोळ्यातून जास्तच.

म्हातारी बऱ्याच वेळानं आली. परडी बघून म्हणाली, "माझ्यापेक्षा तुझाच धंदा चांगला झाला की गं!" मी रडत होते ते तिनं बघितलं. चिमूटभर पीठ माझ्या पदरात बांधलं आणि दुसऱ्या गर्दीकडं वळली. गाभाऱ्यापर्यंत मी गेले. देवीपुढं उभी राहिले तेव्हा अकरा वर्षांचं बोलणं काही आठवलं नाही. "मी आले," एवढंच म्हटलं.

घरी येऊन मुलीला म्हणाले, मोबाईल धर, मी बोलते. "मी दुप्पट आकडा सांगितला होता. माझी भाव करायची खोड, मुलीचा दोष नाही. खरा खर्च अमुक आहे. ज्यांनी दिलं आणि आता परत हवंय त्यांनी मागा, देईन. ज्यांना द्यायचंय त्यांनी द्या." आवाज चिडल्यासारखाच आला. माझा तसाच आहे. मुलीनं डॉक्टरांचा कागद जोडला. सकाळी त्याच माणसानं खाली लिहिलं, "आता बरोबर आहे," आणि स्वतःचा वाटा पाठवला. परत कुणीही मागितलं नाही. आठ दिवसांत पुरेसं झालं, आणि पुरे, आता पाठवू नका, असं मला सांगावं लागलं. 'पुरे' हा शब्द उच्चारणं मला किती जड गेलं ते माझं मला माहीत.

ऑपरेशन झालं. डोळा वाचला. श्वास नाकातून येतो, सुरुवातीला त्याचीच भीती वाटायची. मुलगी माझ्याशी पूर्वीसारखी बोलते, पूर्वीसारखी ओरडतेही. यात काय घडलं आणि कुणी घडवलं, हे मी कुणाला पटवायला जात नाही. बाजारात मी अजून दुप्पटच सांगते. नवरा का गेला याचं उत्तरही मला मिळालेलं नाही. फक्त ते आता मी हिशेबासारखं मागत नाही.

वास मात्र अजून आलेला नाही. डॉक्टर म्हणतात, येईल, कधी ते सांगता येत नाही, कदाचित नाहीही. सकाळी चूल पेटली की मी क्षणभर थांबते, हुंगते, आणि कामाला लागते. तेव्हापासून दर मंगळवारी पाच घरं जोगवा मागते, ज्या दारांत भांड्यांवरून भांडले त्याच दारांत. बायका हसतात, "मावशी, आज पाटी कुठं ठेवली?" मी पण हसते. आमच्याकडं जोगव्याला हाक एकदाच मारतात. आत चूल पेटलेली असेल, पोर रडत असेल, बाईचे हात पिठात असतील; दुसरी हाक मारायची नाही, दार वाजवायचं नाही. ऐकलं असेलच, असं धरून उभं राहायचं. देवीला माझी हाक मारून झाली आहे. मी दारात उभी आहे.