ऑईलचा काटा

बाबाराव रस्ता कमी अन् काटा जास्त पाहे. त्याच्या जीपच्या फळीवर एक गोल घड्याळ होतं. इंजिनात ऑईल किती जोरानं फिरून राह्यलं, ते त्यातला काटा सांगे. काटा मधात असला की बाबारावच्या मिशीले पीळ. काटा खाली झुकला की त्याचं तोंड असं होये, जसं चारचौघात कोणी त्याची कॉलर धरली.

तो आमच्या पुऱ्यातलाच, आमच्याच वस्तीतल्या उकंडरावचा पोरगा, माह्या बरोबरीचा. नेरहून दारव्ह्याले जाच्या रस्त्यावर आमचं गाव हाय. याच लायनीवर तो दुसऱ्याची काळीपिवळी हाके. माणसं कोंबून, दोघं मांगच्या पायरीवर लटकवून. पोट त्या गाडीवर होतं. जीव घरच्या जीपवर.

ही जीप उकंडरावनं यवतमाळले सरकारी लिलावात घेतलेली, चौऱ्याहत्तरची, पेट्रोलवाली. त्याच्या आंधी आमच्या जयंतीले बाबासाहेबांचा फोटो मांगून आणलेल्या बैलाच्या दमणीवर निंघे. एका साली दमणीवाल्यानं ऐन टायमावर सांगतलं, बैलाले बरं नाही. बैल तर त्याच्याच मांगं उभे राहून कडबा खाऊन राह्यले होते. उकंडरावनं ते डोळ्यानं पाह्यलं. त्या साली फोटो चौघांच्या खांद्यावर निंघाला. पुढं त्यानं काय काय इकलं ते त्याचं त्याले ठाऊक, पण जीप आणली. पुऱ्यातली पह्यली मोटर. तवापासून मिरवणुकीत फोटो त्याच जीपवर. स्टिअरिंगवर उकंडराव, अन् तो गेल्यावर बाबाराव. हा मान. बाकी बाबारावपाशी सांगासारखं दुसरं काही नव्हतं.

लोकाले वाटते मिरवणुकीत गाडी चालवणं सोपं हाय. बाप्पा, तेच अवघड. एप्रिलचा तपाटा, गाडी पह्यल्या गेरात, लेझिमच्या चालीनं. समोरून हवा लागत नाही. इंजिन भट्टीवाणी तापते, आतलं ऑईल पाण्यावाणी पातळ होते, अन् काटा झुकाले लागते. म्हणून उकंडराव चाळीस नंबरचं जाड ऑईल टाके. बाबारावनंही तेच चालू ठेवलं, मंग वीस-पन्नास टाकाले लागला. इथपर्यंत सारं ठीक होतं.

मंग काही सालाआंधी इंजिन आतून ठोकाले लागलं. नेरच्या रवी मिस्त्रीनं नुसता कान लावला.

"काका, बेअरिंग खल्लास. इंजिन उतरवा लागन, क्रँक घासाले अमरावतीले धाडा लागन."

"जयंतीच्या आंधी होते का?"

"मी काय सांगू? तिकडच्या लेथवाल्याची मर्जी."

"मंग राहू दे."

अन् बाबारावनं तो उपाय केला, जो जुनी गाडी गिऱ्हाइकाच्या गळ्यात बांधणारे दलाल करतात. इंजिनच्या ऑईलमधी त्यानं गेरबॉक्सात टाकाचं नव्वद नंबर कालवलं. ते इतकं जाड की डब्बा उलटा केला तरी इचार करून पडते. झिजलेल्या बेअरिंगच्या फटीत ते जाऊन बसलं. ठोका दबला. काटा वर चढला.

"पाह्य, झाली का नाई जवान?" मले म्हणे.

"बाबाराव, हे तापीच्या माणसाले पावडर लावून लग्नाले नेनं व्हय."

"तू सायकलवाला मानूस. तुले काय समजते बे गाडीतलं?"

मले खरंच काही समजत नाही. 

त्याचा पोरगा राजदीप पुण्याले हाय, गाड्याच्या सर्व्हिस सेंटरात. चांगलं पोरगं, बोलाले कमी. ठोका दबाच्या आंधी त्यानं एक दिवस फोनवरच मांगून येणारा तो आवाज ऐकला होता, अन् बापाले न इचारता कामाले लागला. इतक्या जुन्या जीपचं सामान आता भेटते कुठं? कोणाकोणाले इचारून त्यानं दिल्लीहून बेअरिंगचा सेट मांगवला, रिंगा मांगवल्या, सारं एका खोक्यात भरून, वरून चिकटपट्टी मारून, सवताच्या अक्षरात पत्ता लिहून गावाले धाडलं.

खोकं आलं तवा जयंती जवळ होती. इंजिन उतरवलं अन् टायमावर चढलं नाही, तर? बाबारावनं ते खोकं दिवाणाखाली सरकवलं, जाड दोराच्या वेटोळ्यामांगं. जयंती झाली की पाहू म्हणे. जयंती झाली. पुढची आली. फोनवर तो पोराले सांगे,

"बसोलं ना बावा सामान. रवीनंच बसोलं. सुईवाणी चालते गाडी."

"मंग आता ते जाड ऑईल टाकू नका, बाबा."

"नाई टाकत."

बाबारावची बायको नलू चुलीपाशी बसून हे ऐके अन् भाकर जरा जोरानं थापे.

मांगच्या सालची गोष्ट. जयंतीच्या मिटिंगीले विहारात सारे बसले होते. समितीचा अध्यक्ष आता संघर्ष हाय. जवान पोट्टं, पण तोंड गोड.

"काका, राग नका येऊ देऊ. गाडी फीट हाय का? नसन तर तसं सांगा. अश्वजितची नवी पिकअप हाय. तेच सजवू. स्टिअरिंगवर तुमीच बसान, मान तुमचाच."

याहून चांगलं कोण काय बोलन? पण बाबाराव उठून उभा झाला.

"माह्या बापाच्या गाडीसमोर पिकअप सांगतं का? अबे, इंजिन नवीन बांधलं हाय! माह्या पोरानं पुन्याहून सामान धाडलं. येऊन राह्यला तो, इचारजो त्याले."

पोट्ट्यांनी टाळ्या वाजवल्या. विषय मिटला.

राजदीप दोन सालानं घरी आला. बॅगेत मायसाठी पांढरं लुगडं, अन् बापासाठी ऑईलचा डब्बा. चांगलं, भारी, दहा-तीस नंबरचं.

"बाबा, या जीपच्या जुन्या पुस्तकात तीस नंबरच सांगतलं हाय. नवीन बेअरिंगले फट बारीक असते. जाड ऑईल तिथं टायमावर पोचत नाई. हे गाडी सुरू केल्याबरोबर वर चढते."

पोराचं काही चुकलं नव्हतं. नवीन बेअरिंग खरंच बसले असते, तर ते ऑईल बरोबरच होतं.

जयंतीच्या सकाळी त्यानं जीपखाली पोतं टाकलं अन् घुसला. मी ओट्यावर चहा घेऊन बसलो होतो. खालचा नट त्यानं खोलला, पण ऑईल काही निंघेना. मंग लोंबलं हळूहळू, काकवीवाणी. अन् वास असा सुटला जसा लसूण सडला.

राजदीप खालूनच म्हणे, "बाबा, हे कोनतं ऑईल व्हय?"

"जुनं व्हय. जुनं ऑईल तसंच असते."

"वास तर गेर ऑईलचा येते."

"गेरबॉक्सातून आलं असन."

"गेरबॉक्सातलं इंजिनात कसं येईन?" पोरगं हासलं. त्याले वाटलं बाप मजाक करून राह्यला.

नलू दारात उभी होती. "अहो, सांगा ना त्याले."

"काय सांगू?"

"जे हाय ते सांगा."

बाबारावच्या ओठावर शब्द आला होता. मी समोरच होतो, म्या पाह्यला. तेवढ्यात संघर्ष चार पोट्टे घेऊन आला, खांद्यावर निळ्या पताका.

"काय काका, नव्या इंजिनले नवं ऑईल का?"

बाबारावनं तो शब्द गिळला. मिशीवरून हात फिरवला अन् सगळ्याले ऐकू जाईन असा म्हणे, "टाक बेटा. गाडीतलं तुले जास्त समजते."

राजदीप जीपखालून बाहेर आला तवा त्याचं तोंड पाहासारखं होतं. गालाले काळं लागलेलं, अन् दात दिसून राह्यले. जनमात पह्यल्यांदा बापानं त्याले असं म्हटलं होतं. त्यानं ते ऑईल असं वतलं, जसं लेकराले दूध पाजते. एक थेंब बाहेर जाऊ देला नाही.

उन्ह उतरल्यावर मिरवणूक निंघाली. जीपवर फोटो, फुलं, झालर. बाबाराव कडक इस्तरीच्या पांढऱ्या कपड्यात स्टिअरिंगवर. बाजूनं मी पायी, मांगं लेझिम, त्याच्या मांगं डीजे. विहारापाशी काटा मधात होता. बसस्टँडवर आलो तं खाली झुकलेला. बाबारावनं माह्याकडं पाह्यलं. एप्रिलातही माणसाले थंडी वाजू शकते, हे मले तवा समजलं.

"थांबव ना," म्या हळूच म्हटलं. "अश्वजितची पिकअप मांगंच हाय."

"चूप बस."

सोसायटीच्या गोदामाचा चढ लागला. इंजिनातून टक् आला. मंग टक्-टक्. मंग डीजेच्या आवाजावरून ऐकू येईन असा, खलबत्त्यात गोटे कुटल्यावाणी. एक शेवटचा कडाका झाला, बोनेटमधून धूर आला, अन् जीप चढाच्या मधात थांबली ते थांबलीच. मांगं सरकू नये म्हणून पोट्ट्यांनी चाकाखाली धोंडे लावले.

लेझिम थांबली. डीजे बंद झाला. सारा गाव पाहून राह्यला. संघर्ष काही वाकडं बोलला नाही. त्यानं पिकअप बाजूले आणली, पायातल्या चपला काढल्या, अन् पोट्ट्यांनी मिळून फोटो जपून तिकडं नेला. गर्दीतून कोणीतरी बोललं, "काय वो काका? इंजिन नवं व्हतं ना?"

बाबाराव खाली उतरला. त्यानं काट्याकडं पाह्यलं, लोकाकडं पाह्यलं, अन् बोट राजदीपकडं केलं.

"इंजिन नवंच व्हतं. यानं पानचट ऑईल टाकलं त्यात. म्या म्हटलं जाड टाक. आताचे पोट्टे ऐकतात का बापाचं?"

"वा रे सर्व्हिस सेंटर!" कोणी म्हटलं.

"पुन्याच्या गाड्याही अशाच दुरुस्त करतं का लेका?"

लोक हासले. हासतीनच. फुकटचं भेटलं तर गाव सोडत नाही.

राजदीप म्हणे, "बाबा, तुमीच तर म्हटलं ना..." एवढंच. बापाचं तोंड पाहून त्यानं पुढचं सोडून देलं. त्याले वाटलं, खरंच आपलंच चुकलं. मिरवणूक पुढं गेली तरी तो तिथंच हात पुसत उभा होता, पुसलेलेच हात.

जीप घरी ओढून न्याले ट्रॅक्टर आला. कोणाचा? त्याच दमणीवाल्याच्या नातवाचा. बिचारा न बोलावता आला. दोर पाह्यजे होता. राजदीप अन् मी दोर आणाले घरी गेलो, मांगून नलू आली. दोर दिवाणाखाली होता. पोरानं वाकून ओढला, अन् दोराच्या वेटोळ्यासंगं खोकं बाहेर आलं.

चिकटपट्टी जशीच्या तशी. वर त्याचंच अक्षर.

तो उकिडवा बसून त्याच्याकडं पाहात राह्यला. खोकं हालवलं. आतून लोखंड वाजलं. मायकडं मान वर केली.

नलू म्हणे, "म्या लय म्हटलं रे तुह्या बाबाले."

पोरगा उठला. दोर खांद्यावर टाकला, चढावर जाऊन जीपले बांधला, गाठ दोनदा ओढून पाह्यली, जीप घरापर्यंत आणली, छपराखाली लावली. लोक अजून टोमणे मारून राह्यले होते. एका वाक्यात त्याले सुटता आलं असतं. सुटला नाही. सकाळच्या पह्यल्या गाडीनं गेला. ते खोकं तेवढं जीपच्या ड्रायव्हरच्या सीटवर ठेवून गेला, पत्ता वर करून.

मले वाटलं, आता तरी बाबारावले काही वाटन. त्यानं खोकं उचललं अन् परत दिवाणाखाली ठेवलं. रवी मिस्त्री पाहाले आला, त्याले बोनेटले हात लावू देला नाही. अन् त्या दिवसापासून काळीपिवळीत, पानठेल्यावर, मौतीत गेला तर मौतीत, एकच: पोरानं पातळ ऑईल टाकलं अन् बापाची गाडी मारली. इतक्या खेपा सांगतलं की आता त्याले सवताले ते खरं वाटते. माह्यासमोरही सांगते. मी तं त्या दिवशी ओट्यावर होतो!

एक दिवस नलूनं माह्यासमोरच त्याले धरलं. "पोराले फोन करा ना. एवढंच म्हना, चूक माही व्हती."

"कायले? ऑईल कोनं टाकलं, म्या?"

"तुमच्या मानापायी तुमी पोरगं इकलं, राजदीपचे बाबा. अन् मानही नाई राह्यला."

त्यानं ताट सरकवलं अन् उठून जीपपाशी गेला.

राजदीप तवापासून गावाले आला नाही. फोन मायलेच करते, बाप लायनीवर असते त्या टायमाले.

यंदाची जयंती झाली. पिकअपवर फोटो निंघाला. संघर्षनं बाबारावच्या दारासमोर मिरवणूक मुद्दाम थांबवली. "काका, बसा स्टिअरिंगवर. शेवटपर्यंत तुमीच न्या."

बाबारावनं फोटोले हात जोडले, डोकं टेकवलं. "माह्या गाडीचं काम बाकी हाय," म्हणे, अन् छपराखाली गेला. बोनेट उघडलं. ऑईल पाहाची काडी उपसली. ऑईल पोराचंच, पातळ, अन् त्यात बेअरिंगचा चुरा चांदीवाणी चमकून राह्यला. फडक्यानं काडी पुसली, परत घातली, परत उपसून पाह्यली. मंग आत वाकून त्या घड्याळातला काटा पाह्यला.

नलू दारात फोन धरून उभी होती, राजदीपले मिरवणूक दाखवून राह्यली होती. फोनमधून त्याचा आवाज आला, "माय, बाबा काय करून राह्यले?"

"ऑईल पाहून राह्यले."

 लेझिमवाले दारासमोरून पुढं सरकले.

मंग तो म्हणे, "मिरवणूक दाखव माय. फोन तिकडंच धर."