तोंडानं काढून दावा

मोबाइलवरचा व्हिडिओ बघून मी माझ्या जुन्या, दांडग्या इंजिनाच्या गाडीला नवा सायलेन्सर मागवून बसवला, आणि गाडी पिठाच्या गिरणीसारखी वाजू लागली. बायको आत बसेना. रुबाब राहावा आणि बायकोही बसावी, म्हणून चाकणच्या सायलेन्सरवाल्याकडे गेलो.

हा गृहस्थ गाडीकडे बघतच नाही. स्टुलावर बसून डोळे मिटतो आणि म्हणतो, “कसा आवाज पायजे, तोंडानं काढून दावा.”

मी लाजत घुमलो.

“न्हाई. पोटातनं काढा.”

समोरच्या कंपनीची शिफ्ट सुटली होती. कंपनीच्या बसमधली माणसं खिडकीतून बघू लागली. तरी मी जीव खाऊन गुरगुरलो.

त्याने तृप्तीने डोळे उघडले.

“राव, गाडीला मूळचाच बसवतो. आवाज तुमीच काढत जावा.”