पिशवी काढायची म्हणजे नेमकं काय

बाजाराच्या मागच्या गल्लीत, एका जिन्याखाली, दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर थांबावं एवढ्याशा दुकानात काकू पिशव्या शिवायच्या. भाजीच्या, डब्याच्या, लॅपटॉपच्या, काय म्हणाल त्या. सगळी गल्ली त्यांना पिशवीवाल्या काकू म्हणे. शाळेची बस चालवणारा त्यांचा नवरासुद्धा फोनवर बिनदिक्कत सांगायचा, "हां, पिशवीवालीचा नवरा बोलतोय."

चाळिशी ओलांडली आणि काकूंच्या पाळीचं गणित बिघडलं. अंगावरून फार जायचं, आणि काकू ते निमूटपणे अंगावर काढायच्या. मशीनच्या खुर्चीवर काळं कापड घालून ठेवलं होतं. तीन पायऱ्या चढल्या की धाप लागायची. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "वय झालं हो, दुसरं काय!"

एक दिवस सुईत दोरा ओवता ओवता त्यांना गरगरलं आणि त्या मशीनवरच कलंडल्या. धाकटी मुलगी नेमकी डबा घेऊन आली होती. तिने पाणी पाजलं, दुकानाचं शटर ओढलं आणि आईचं एक न ऐकता तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

रक्त अगदी कमी झालेलं. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठी दिसल्या. काही महिने गोळ्या झाल्या, रक्त वाढवायची औषधं झाली. रक्त थोडं वाढलं, पण जाणं काही थांबेना. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काकू, गाठी साध्याच दिसतायत, कॅन्सरचं काही लक्षण नाही. पण तुम्हाला त्रास एवढा आहे की मला विचाराल तर पिशवी काढलेली बरी. घाई नाही, घरी बोला."

"जन्मभर पिशव्या शिवल्या," काकू हसून म्हणाल्या, "काढायची वेळ आजच आली!"

हसल्या खऱ्या, पण त्या दिवशी त्यांनी दुकान उघडलं नाही.

संध्याकाळी जाऊबाई आल्या. काकूंपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या, आणि जगातल्या प्रत्येक दुखण्याचा एक तरी वाईट शेवट त्यांना तोंडपाठ. "अगं, पिशवी गेली की बाई आतून पोकळ होते," त्या आवाज खाली आणून म्हणाल्या. "माझ्या मावससासूचा आवाज पार पुरुषी झाला होता. आणि नवऱ्याचं मन उडतं ते वेगळंच!"

त्या गेल्यावर काकूंनी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आवाजाचं सोड, तुझा आत्ताच गल्लीच्या टोकापर्यंत पोचतो." काकूंना हसू आलं नाही. ते पाहून तो जवळ सरकला. मग म्हणाला, "खरं सांगू? आत काय असतं ते मलाही धड ठाऊक नाही. लाजत कसली बसतेस, डॉक्टरीणबाईंनाच विचार. मी येतो बरोबर."

पण विचारायचं तरी काय? दोन दिवस काकू त्याच विचारात होत्या. तिसऱ्या दिवशी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मुलीचं शाळेचं जुनं पुस्तक त्यांनी मागून घेतलं होतं, त्यातलं गर्भाशयाचं चित्र समोर ठेवलं आणि चिंध्यांच्या पोत्यात हात घातला. लाल कापडाची उलट्या नासपतीसारखी पिशवी, आत मऊ अस्तर, दोन्ही खांद्यांना कापडाच्या बारीक नळ्या, नळ्यांच्या टोकांना कापूस भरलेल्या दोन गोळ्या. खाली एक सैलसर नळी. पिशवीच्या भिंतीत कापसाचे दोन गोळे कोंबले, त्या आपल्या गाठी. शिवताना त्यांच्या लक्षात आलं की दोन बाळंतपणं केलेली आपण बाई, आणि आपल्या पोटातला नकाशा आज पहिल्यांदा बघतोय.

पुढच्या खेपेला त्यांनी ते प्रकरण थेट डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवलं. नवरा शेजारच्या खुर्चीत अंग चोरून बसला.

"अगं बाई! हे तुम्ही केलंत?" डॉक्टरीणबाईंनी ते उलटसुलट करून पाहिलं. "छान झालंय. फक्त खरं गर्भाशय एवढं मोठं नसतं हं, साधारण आपल्या मुठीएवढं."

"मला भाजी मावेल अशाच शिवायची सवय," काकू म्हणाल्या.

"आणि ही टोकं शिवून टाकलीत ना, ती मोकळी असतात. नळीच्या तोंडाशी झालर असते. या गोळ्या म्हणजे बीजांडकोश. दर महिन्याला साधारण एक बीज बाहेर पडतं, ते झालर आत ओढून घेते. इकडे पिशवीत अस्तर जाड होत असतं. गर्भ राहिला तर तो त्यात रुजतो. नाही राहिला तर अस्तर सुटून बाहेर येतं. तीच पाळी."

"म्हणजे दर महिन्याला नवं अस्तर?" काकू थक्क झाल्या. "आणि जुनं फुकट? एवढं काम तर मी दुकानातही करत नाही!"

नवरा खो खो हसला आणि त्याची भीड चेपली. त्यानेच विचारलं, "मग यातलं तुम्ही काढणार काय?"

डॉक्टरीणबाईंनी बोटाने दाखवलं. "गर्भाशय, त्याचं तोंड आणि या नळ्या. बीजांडकोश चांगले आहेत, ते ठेवायचे. बाईपणाचं रसायन तिथे तयार होतं, पिशवीत नाही. त्यामुळे आवाज बदलत नाही, एका रात्रीत म्हातारपणही येत नाही. पाळी थांबेल आणि मूल होणार नाही, एवढंच."

"आणि ती जागा पोकळ राहते?"

"छे! आतडी सरकून बसतात. गर्दीत कुणी उठलं की शेजारचा ऐसपैस होतो, तसं."

काकूंनी एकवार नवऱ्याकडे पाहिलं, मग खालच्या नळीवर बोट ठेवलं. "आणि हे?"

"योनिमार्ग तिथेच राहतो. जखम पूर्ण भरेपर्यंत जपायचं, पुढे संसार पहिल्यासारखा." नवऱ्याने एकाएकी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. त्याचे कान मात्र लाल झाले होते.

काकूंनी त्याच दिवशी होकार दिला.

ऑपरेशन ठरल्याप्रमाणे पार पडलं. पुढचे काही आठवडे जड उचलायचं नाही, म्हणून घर बापलेकींनी चालवलं. भात रोज एका बाजूने लागायचा, आणि काकू पडल्या पडल्या वास घेऊन ओरडायच्या, "गॅस बारीक करा!" आवाज तसाच होता. मुलगी उशाशी बसून इतके दिवस न विचारलेलं विचारायची, पोटात कळ का येते, तारीख मागेपुढे का होते. काकू माहीत असेल ते सांगायच्या, नसेल तिथे म्हणायच्या, "हे डॉक्टरीणबाईंना विचारू."

मग हळूहळू दुकान सुरू झालं. चेहऱ्यावर रंग आला. खुर्चीवर काकूंनी पिवळ्या फुलांची उशी शिवून घातली.

एका सकाळी जाऊबाई आल्या, एकट्याच. पिशव्या बघितल्यासारखं केलं, दोन किमती विचारल्या, मग शटरच्या आड येऊन पुटपुटल्या, "अगं, माझी पाळी जाऊन वर्षं झाली. आणि परवा परत जरा दिसलं. काय असेल?"

काकूंनी मशीन थांबवलं. "ते मी नाही सांगू शकत. पण पाळी गेल्यावर परत दिसलं तर अंगावर काढायचं नाही, एवढं कळतं मला. आत्ताच जाऊ."

"आत्ता? मला लाज वाटते बाई."

"मी आहे ना! तुम्ही नुसतं बसा, सुरुवात मी करते."

काकूंनी शटर ओढलं, जावेचा हात धरला आणि दोघी गल्लीच्या तोंडाशी रिक्षा बघायला निघाल्या.